कर्मयोगी संत श्री गाडगेबाबा : दुःखातून उभे राहिलेले जीवन

वऱ्हाडची भूमी ही संतांच्या चरणस्पर्शाने पावन झालेली भूमी होय. श्री नृसिंह सरस्वती स्वामी महाराजांचे जन्मस्थान म्हणून आपल्या तालुक्याचे कारंजा हे गाव सर्वदूर प्रसिद्ध आहे. शेगाव येथे श्री गजानन महाराजांचे समाधिस्थान आहे. याच मालिकेतील, आणि धनज परिसरास तर घरच्यासारखे असलेले नाव म्हणजे वैराग्यमूर्ती संत श्री गाडगेबाबा. बाबांचे बालपण आणि तारुण्य ज्या दापुरे गावी गेले ते मूर्तिजापूर तालुक्यात आहे. इंग्रजी अमदानीत कारंजा हे गावसुद्धा मूर्तिजापूर तालुक्यातच मोडत असे, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला तोपर्यंत हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. त्यामुळे बाबांची भाषा ती आपली भाषा, बाबांची काळी माती ती आपली काळी माती, आणि बाबांच्या घरावर जी संकटे कोसळली तीही आपल्या गावांना अनोळखी नाहीत.

देवदर्शनास येणारा प्रत्येक भाविक आनंदानेच येतो असे नाही. कोणाच्या घरचा कर्ता पुरुष गेलेला असतो, कोणाचे पीक गेलेले असते, कोणाचे लेकरू दवाखान्यात असते. २००६ साली केंद्र शासनाने कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम जिल्हाही होता. अशा भूमीत बाबांचे चरित्र केवळ जयंती-पुण्यतिथीपुरते सांगून भागत नाही. सर्वस्व गमावूनही आशा न सोडलेल्या एका शेतकऱ्याचे चरित्र म्हणून ते वाचले पाहिजे, अशा हेतूने ते येथे संक्षेपाने देत आहोत.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जानोरकर, आईचे नाव सखूबाई. मुलाचे नाव देबूजी ठेवण्यात आले. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्यात घर, शेत, प्रकृती असे सर्व काही गेले. १८८४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा देबूजी अवघे आठ वर्षांचे होते. सखूबाईंनी मुलास घेऊन दापुरे येथे माहेर गाठले. वडिलांचे छत्र हरपलेला मुलगा मामाच्या घरी कसा वाढतो हे खेड्यातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, औत हाकणे, जागलीला जाणे ही सर्व कामे देबूजींनी केली. शाळेचे तोंड मात्र त्यांना पाहावयास मिळाले नाही.

मामा चंद्रभानजी हे कष्टाळू गृहस्थ होते. भाच्याच्या अंगमेहनतीची जोड मिळाल्यावर शेतीस बरकत आली. १८९२ साली देबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. आता कोठे घराला घरपण येत होते. परंतु मामांनी सावकाराशी केलेला व्यवहार अंगाशी आला. कागदावर काय लिहिले आहे ते वाचणारा घरात कोणी नव्हता. फेडलेल्या रकमेची नोंद होते की नाही हे पाहणारेही कोणी नव्हते. कर्ज वाढत गेले, शेत सावकाराच्या घशात गेले आणि त्या धक्क्याने चंद्रभानजींनी अंथरूण धरले. त्यातून ते उठले नाहीत. वडील दारूने गेले, मामा कर्जाने गेले. पुढे बाबांच्या प्रत्येक कीर्तनात दारू, कर्ज आणि निरक्षरता हे तीन विषय का येत, हे या दोन मृत्यूंवरून ध्यानी यावे. ते पोथीतून शिकलेले ज्ञान नव्हते.

मामांच्या पश्चात कुटुंबाचा भार देबूजींच्या खांद्यावर आला. सावकार शेताचा ताबा घेण्यासाठी माणसे घेऊन आला तेव्हा या तरुणाने शेतातच त्यास अडविले आणि परत पाठविले, ही कथा दापुऱ्याच्या पंचक्रोशीत आजही सांगितली जाते. ज्या काळी सावकाराच्या सावलीसही लोक भीत, त्या काळातील ही गोष्ट आहे. त्या दिवशी शेतापेक्षाही मोठी गोष्ट वाचली, असे आम्हांस वाटते. गरीब माणूस उभा राहिला तर समोरचा मागे सरकू शकतो, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. याच सुमारास, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० या वर्षांत वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडले. छपन्नचा दुष्काळ म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी असलेला तो हाच. अन्नाचे मोल देबूजींना त्यांच्या तरुणपणीच या मुलखाने दाखविले.

त्यांच्या मनाचा कल कोणत्या दिशेस आहे हे मुलीच्या बारशाच्या वेळी दिसून आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागे, मग त्यासाठी ऋण का काढावे लागेना. देबूजींनी ते नाकारले व जमलेल्या मंडळींना गोडाचे साधे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, परंतु ते बधले नाहीत. आज लग्नकार्यासाठी कर्ज काढणाऱ्या प्रत्येक घराने त्या बारशाची आठवण ठेवावी.

देबूजींना दोन मुली व दोन मुलगे झाले. मुद्गल हा मुलगा लहानपणीच वारला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजी घराबाहेर पडले ते पुन्हा संसारी म्हणून परतले नाहीत. मागे वृद्ध आई, पत्नी व लेकरे होती. या गृहत्यागाचे समर्थन करणे सोपे नाही आणि या पुस्तिकेत आम्ही ते करू इच्छित नाही. सखूबाई व कुंताबाई या दोन स्त्रियांनी त्यानंतर जे सोसले ते बाबांच्या तपश्चर्येहून कमी नव्हते, एवढे नमूद केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी भ्रमंती केली. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, डोक्यावर मडक्याची खापरी, हातात काठी. त्या खापरातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबुवा म्हणावयास प्रारंभ केला. कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा अशीही नावे पडली. गावात शिरल्यावर कोणाकडे आश्रय न मागता ते आधी खराटा हाती घेत व रस्ता झाडू लागत. काम झाल्यावर मिळालेली भाकरी घेत. काम न करता अन्न घ्यावयाचे नाही हा नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळला. दिवसा गाव झाडून स्वच्छ करावयाचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावयाची, असा त्यांचा क्रम होता.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. भाविक स्नानास उतरत तेव्हा चिखलातून जाताना वृद्धांचे, बायाबापड्यांचे फार हाल होत. तेथे बाबांनी घाट बांधविला व आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान सुरू केले. तीर्थाचे नावच ऋणमोचन, म्हणजे ऋणातून सोडविणारे. ज्याचे घर ऋणाने बुडाले त्याने लोकांसाठी पहिले मोठे काम येथेच करावे, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

आता बाबांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. साल १९२३. बाबा कोकणात होते. त्या वेळच्या रत्नागिरी व आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालू होते. समोर शेकडो माणसे बसलेली. तेवढ्यात वऱ्हाडातून निरोप आला की, मुलगा गोविंदा वारला. मुद्गल आधीच गेलेला. गोविंदा हाच काय तो वंशाचा एक दिवा उरला होता आणि तोही विझला. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. रोज कोट्यवधी लेकरे मरतात, कोट्यवधी आयांची कूस रिकामी होते, त्यांतील एकासाठी वेगळे रडावयाचे कसे, असा भाव त्यांनी व्यक्त केला आणि ते कीर्तनाच्या पुढील विषयाकडे वळले.

या प्रसंगाचे वर्णन करताना पुष्कळ लेखक बाबांना दगडाचे काळीज असलेले विरक्त म्हणून रंगवितात. आमच्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. ज्याला दुःख होत नाही त्याला कोटी लेकरांची आठवण कशाला होईल? आपल्या घरच्या प्रेताजवळ उभे राहूनही दुसऱ्याच्या घरचे प्रेत ज्याला दिसते, त्याचे काळीज दगडाचे कसे असेल? फरक एवढाच की, बाबांनी आपले दुःख स्वतःपुरते राखून ठेवले नाही. आणि हेही लक्षात घ्यावयास हवे की, आपल्याप्रमाणेच सर्वांनी अश्रू गिळावेत अशी सक्ती त्यांनी कोणावर केली नाही. शोक करणाऱ्यास त्यांनी कधी हिणविले नाही. शोकाच्या पायी पुन्हा कर्ज काढणारा, तेराव्याच्या जेवणावळीसाठी शेत गहाण टाकणारा, नवसासाठी मुके जनावर कापणारा यांना मात्र ते भर कीर्तनात फैलावर घेत.

येथेच बाबांच्या शिकवणुकीचे मर्म आहे. मनुष्याच्या वाट्याला येणारे दुःख दोन प्रकारचे असते असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. एक मरणाचे, त्यावर उपाय नाही, ते सोसावेच लागते. दुसरे दारूचे, सावकाराचे, अज्ञानाचे, घाणीतून येणाऱ्या पटकीसारख्या रोगाचे, शिवाशिवीचे. त्याला आपण प्रारब्ध म्हणतो, परंतु ते प्रारब्ध नसते. लोक या दोहोंची गल्लत करतात व दोन्ही पुढे सारखेच हात जोडतात. बाबांनी ही गल्लत कधी होऊ दिली नाही. जे टळणारे नव्हते त्यासाठी ते थांबले नाहीत, आणि जे टळण्यासारखे होते त्यासाठी त्यांनी पन्नास वर्षे उसंत घेतली नाही. त्यांची आशा या दुसऱ्या ठिकाणी गुंतलेली होती. गोविंदा परत येणार नव्हता. पण खारेपाटणच्या त्या मंडपात बसलेल्या एखाद्या बापाची दारू सुटणे शक्य होते, आणि त्याचे लेकरू पोरके होण्यापासून वाचणे शक्य होते.

बाबांचे कीर्तन म्हणजे विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हे. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तरे देत, आणि पाहता पाहता शेवटचे उत्तर ज्याचे त्यालाच झोंबे. मध्येच गोपाळनामाचा गजर होई आणि हजारोंचा समुदाय डोलू लागे. घरातील भांडी मोडावी लागली तरी चालेल पण मुलास शाळेत घाला, ऋण काढून सण करू नका, देवासमोर पशुहत्या करू नका, माणसाला अस्पृश्य मानू नका, असा त्यांचा बोध असे. स्वतः निरक्षर असलेल्या या महापुरुषाचे नाव आज अमरावती विद्यापीठास आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे २००५ मध्ये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ असे नामकरण झाले. आपल्या वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात, म्हणजे या भागातील पदवीधरांच्या पदवीपत्रावर ज्यांचे नाव छापलेले असते ते स्वतः कधी शाळेत गेले नव्हते. १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयासही बाबांचेच नाव देण्यात आले.

बाबांच्या धर्मशाळांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण यात्रेकरूंचा संबंध त्यांच्याशी अधिक येतो. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा तीर्थक्षेत्री त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरच्या वारीत त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळत नसे. शेकडो कोस पायी आलेली माणसे वाळवंटात पावसात भिजत पडून राहत. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः बाबा वर्षानुवर्षे पंढरीस जात, परंतु देवळातील गर्दीत ते कधी दिसत नसत. ते रस्ते झाडताना व घाण उचलताना दिसत. देवस्थानाने काढलेल्या पुस्तिकेत हे छापावे काय, असा प्रश्न कोणास पडेल. आमचे म्हणणे असे की, जरूर छापावे. ज्या वाटेने भाविक देवाकडे जातात ती वाट झाडणे ही पूजाच होय.

त्याहून निराळी धर्मशाळा मुंबईची. १९५४ साली मुंबईतील जे. जे. रुग्णालयानजीक बाबांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभी राहिली. ही तीर्थयात्रेकरूंसाठी नव्हती. खेड्यापाड्यांतून रुग्णास घेऊन आलेले नातलग मुंबईत पदपथावर उघड्यावर पडून असत. आत माणूस मरणाशी झुंजत आहे आणि बाहेर त्याची बायको मुलाला पदराखाली घेऊन रस्त्यावर बसली आहे, हे दृश्य बाबांनी पाहिले होते. रुग्णास औषध देणे हे वैद्याचे काम, पण रुग्णासोबत आलेल्याला रात्रीपुरते छप्पर आणि चूल मिळाली तर तो धीराने दुसऱ्या दिवशी रुग्णाजवळ बसू शकतो, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांच्या पश्चात मुंबईत दादर येथेही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली, आणि कर्करोगाच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात येणाऱ्या असंख्य गरीब कुटुंबांना तिचा आधार झाला. वऱ्हाडातील कित्येक घरांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवस तेथे काढले आहेत.

देणगीदार भाविकांसाठी येथे एक बाब आवर्जून सांगावीशी वाटते. लाखो रुपये बाबांच्या शब्दावर जमले, परंतु त्यांतील एक पैसाही त्यांनी स्वतःवर किंवा कुटुंबावर खर्च होऊ दिला नाही. संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे सोपविला, आणि आपल्या नातलगांचा त्यांवर कोणताही हक्क राहणार नाही अशी व्यवस्था केली. कुंताबाई झोपडीत राहिल्या. बाबांनी कोणास शिष्य केले नाही, कोणाचे गुरुपद घेतले नाही, पाया पडू दिले नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली व विखुरलेल्या संस्थांच्या कार्यास एकसूत्रता आली. मूर्तिजापूर येथील गोरक्षण व धर्मशाळा ही त्यांची कार्ये आपल्या अगदी शेजारची आहेत. पाटीवर नाव कोणत्या आकाराच्या अक्षरांत असावे याविषयी विचारणा करणाऱ्या दात्यांनी सवड मिळाल्यास मूर्तिजापूरला एकदा अवश्य जाऊन यावे.

वय झाले, मधुमेहाने शरीर पोखरले, तरी फिरणे थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांनी केलेले कीर्तन हे अखेरचे ठरले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले असल्यामुळे बाबांचा तो खडा आवाज आजही ऐकावयास मिळतो. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. बाबांच्या मनावर हा आघात मोठा होता. चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी मध्यरात्रीनंतर, आजारी बाबांना मोटारीने अमरावतीकडे आणीत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. आयुष्यभर ज्याने घर केले नाही त्याचा देह वाटेवरच पडला. बातमी पसरताच खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागली, आणि अमरावती येथे अलोट जनसमुदायाच्या उपस्थितीत त्यांच्या देहास निरोप देण्यात आला.

२००० सालापासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान राबविले व गावोगाव खराटे हाती घेतले गेले. त्यापूर्वी १९९८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले होते.

बाबांच्या स्थानांचे दर्शन घेऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी प्रथम मूर्तिजापूर येथील संस्था पाहाव्यात व त्याच तालुक्यातील दापुरे येथे जावे. तेथून अमरावतीस गेल्यास गाडगेनगर येथे बाबांचे समाधी मंदिर आहे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर वलगाव लागते. पेढी नदीकाठची निर्वाणभूमी तेथेच आहे. ऋणमोचनास पौषातील यात्रेच्या वेळी जावे. जन्मस्थान शेंडगाव हे अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. जयंती २३ फेब्रुवारी व पुण्यतिथी २० डिसेंबर या दिवशी अमरावतीस फार गर्दी असते, तरी वृद्ध व आजारी मंडळींना सोबत नेणाऱ्यांनी अन्य दिवस निवडावा.